रिकामी आहे, राहू दे

पाऊस ओसरलाय, गवत कमरेपर्यंत आलंय आणि सोनकी फुलायला लागलीय. म्हणजे येत्या शनिवार-रविवारी तुम्ही गडावर जाणार. जाच. ११ जुलै २०२५ ला आपल्या मराठा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. बारापैकी अकरा किल्ले एकट्या महाराष्ट्रातले. आता परदेशातून माणसं येतील, तटाबुरुजांकडे बघतील, आणि त्यांना प्रश्न पडेल की साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी एवढं मागे ठेवलं, मग आत्ताच्यांनी काय ठेवलं? त्यांची निराशा होता कामा नये. आपलीही काही खूण गडावर राहिली पाहिजे. ती कशी ठेवायची याचं शिक्षण मागच्या रविवारी राजगडावर माझं झालं. तेच इथे फुकट वाटतोय.

सुरुवात सॅक भरतानाच करावी. घरून डबा आणणं हा शुद्ध कंजूषपणा. डबा परत न्यावा लागतो, वर घरी गेल्यावर घासावाही लागतो. त्यापेक्षा चकचकीत पुड्या घ्या, त्याही लहान लहान. एक मोठी घेतली तर एकच उरते, पाच रुपयांच्या दहा घेतल्या तर दहा उरतात. शिवाय वेफरच्या पिशवीइतकी भरवशाची वस्तू दुसरी नाही. पाण्याची बाटली टाकलीत तर एखादा उचलून भंगारात देईल आणि तुमची खूण पुसून टाकेल. या पिशवीला भंगारवाला हात लावत नाही. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवत बसणं कुणालाच परवडत नाही. टाकली की टाकली. नातवंडांना घेऊन याल तेव्हा बोट दाखवून सांगता येईल, ही बघा, आजोबांची.

पुडी फोडताना तिचा कोपरा वेगळा फाडा आणि वाऱ्यावर सोडून द्या. पुडी उचलणारे निघतात अधूनमधून, तो नखाएवढा कोपरा उचलायला मात्र अजून कुणी माईचा लाल जन्माला आलेला नाही.

पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोर दरवाजाची वाट धरलीत तर चुकायची काळजी नको. आधीच्या मंडळींनी दर दहा पावलांवर काही ना काही ठेवलेलं आहे. त्यात गुटख्याच्या पुड्या बऱ्याच. आता राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, त्यामुळे त्या पुड्या शिवकालीनच असणार. पुरातत्त्ववाल्यांनी एकदा येऊन बघायला हरकत नाही.

सिगारेटचं थोटूक बिनधास्त गवतात टाका. कापूसच तर असतो. (नसतो. ते फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचं, म्हणजे प्लॅस्टिकचंच एक भावंड. पण जाऊ दे, तुमचा मूड कशाला घालवू.)

स्पीकर न्यायला विसरू नका. गडावर शांतता फार असते.

चोर दरवाजातून वाकून आत शिरलात की समोर पद्मावती तलाव. दमून आलेला असता. बूट काढा, पाय सोडा, साबण लावा, रात्रीचा मुक्काम असेल तर मॅगीचं पातेलंही तिथेच खळखळून घ्या. डोंगराच्या माथ्यावर पाणी धरून ठेवायचं म्हणून कुणीतरी हा खटाटोप केला, ठिकठिकाणी कातळ फोडून टाकी खोदली, पावसाचं पाणी वर्षभर पुरवलं. ते तुमच्या साबणासाठीच होतं. मंदिरात मुक्काम करणाऱ्यांनी आणि वर ताक-सरबत विकणाऱ्या मावश्यांनी काय प्यायचं, हा त्यांचा प्रश्न. त्या दिवशी पाण्याच्या कडेला शाम्पूची पुडी तरंगत होती, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. काय ते मी बघायला गेलो नाही. तुम्हाला कळलंच असेल.

आता महत्त्वाचा धडा. हा जरा सविस्तर सांगावा लागेल.

आम्ही तिघं संजीवनी माचीवर होतो. माझा गुडघा बोलायला लागला म्हणून मी तटाला टेकून बसलो होतो. ज्यांनी ही माची पाहिली आहे त्यांना सांगायला नको: दुहेरी तट, मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट, बाहेरून कुणाला कळूही नये असं बांधकाम. तटात जंग्या ठेवलेल्या. जंगी म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूवर बंदुकीचा नेम धरायचं तिरकं भोक. आतून बघावं तर नेमका खालचा उतार दिसतो, आणि बाहेरून आत काही दिसत नाही. कुणीतरी डोकं चालवलंय, एकेक दगड घडवलाय, तो कोन जमेपर्यंत पुन्हा बसवला असेल.

तर माझ्यापासून चार हातांवर एक तरुण उभा होता. पंचविशीचा. कपाळावर चंद्रकोर, छातीवर महाराज, दंडावर राजमुद्रा गोंदवलेली. थोड्या वेळापूर्वी याच्याच गर्जनेवर सगळी माची दणाणली होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला होता. त्याने बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं. बाटली चेपली. झाकण घट्ट लावलं. इकडेतिकडे बघितलं. आणि ती बाटली अगदी काळजीने, देवळात नारळ ठेवावा तशी, जंगीत ठेवली. अर्धी बाहेर राहिली, तेव्हा तळव्याने ठोकून आत ढकलली.

मला वाटलं, विसरेल. म्हणून मी म्हटलं, "दादा, बाटली राहिली तुमची."

तो हसला. छान हसला, तोंडावर मग्रुरी वगैरे काही नाही. म्हणाला, "राहू दे काका, रिकामी आहे."

राहू दे, रिकामी आहे! मी त्या वाक्यावर चार दिवस विचार करतोय. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. ते ओझं या पठ्ठ्याने गुंजवण्यापासून पाठीवर आणलं, शेवटच्या टप्प्यात रेलिंगला धरून चढवलं, हूं का चूं केलं नाही. आणि बाटली रिकामी झाल्यावर, वीस-पंचवीस ग्रॅमची झाल्यावर, तीच त्याला उतरवणं जड झालं! त्या सॅकमध्ये जागा नव्हती? सकाळी बाटली ज्या कप्प्यात होती तो कप्पा गडावर येऊन बुजला का?

आणि तुम्ही म्हणाल, अहो, त्यांना माहीत नसतं, जागृती व्हायला हवी. कसली जागृती? अजाण माणूस हातातली वस्तू जागच्या जागी सोडतो. याने इकडेतिकडे बघितलं होतं! याने जागा शोधली होती. झुडपात टाकली असती तर दिसली असती, म्हणून भिंतीत घातली. लपवतो कोण? ज्याला ठाऊक असतं तो. शाळेत पर्यावरणाचे मार्क मिळवलेत, निबंध लिहिलेत, घोषवाक्यं रंगवलीत. या देशात बाटली कुठे टाकू नये हे माहीत नसलेला पंचविशीचा माणूस मला आणून दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. आणि ज्याचं चित्र छातीवर घेऊन हिंडतोय, त्याच्याच भिंतीत ठोकून बसवतो, तळव्याने ठोकून...

असो. आपण सल्ले देत होतो.

"इथे कचरापेटी कुठे आहे?" हा प्रश्न पाठ करून ठेवा. कुणी टोकलं की लगेच विचारायचा. समोरचा गप्प बसतो, कारण डोंगराच्या माथ्यावर ठेवलेली पेटी रोज कोण रिकामी करणार याचं उत्तर त्याच्याजवळ नसतं. असली तर ती उलटून पडलेली, माकडांनी विस्कटलेली असते.

कायद्याला घाबरायचं कारण नाही. राज्यात २३ जून २०१८ पासून प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने आत. मग १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरायच्या ताटल्या, कप, चमचे, स्ट्रॉ यांवर बंदी घातली. राजगडाच्या वाटेवर मला हे सगळं बंदी घातलेलं सामान एकगठ्ठा बघायला मिळालं, दुकानातसुद्धा एवढं एका जागी मिळत नसेल. पावती फाडणारा कुणी भेटलाच तर त्याच्यासोबत एक फोटो काढून घ्या, दुर्मीळ दर्शन आहे.

निघताना कचरा गोळा करून पेटवून देणं हाही एक मार्ग आहे, जरा सुशिक्षित लोक तो वापरतात. याला तर जुना आधार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या केराबद्दल स्वतंत्र ताकीद आहे: गडावर वाटेत, बाजारात, तटाला केरकसपट पडू देऊ नये, झाडलेला केर गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं लिखाण आहे. तेव्हा केर म्हणजे पालापाचोळा, शेण, काटक्या. तुम्ही वेफरच्या पिशव्या नि थर्माकोलच्या ताटल्या जाळा, त्या विषारी धुरात फोटो काढा आणि काळा गोळा तिथेच सोडा. त्या राखेत भाजी लावायची हिंमत होत असेल तर लावा. मेथी बरी येईल.

स्वच्छता मोहिमा काढणाऱ्यांना नावं ठेवू नका, त्यांना काम देत राहा. ही मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी पोती पाठीला बांधून उतरतात, ओळखदेख नसलेल्या माणसांचे डायपर हातात घेतात. यांच्यासमोरच पुडी टाकलेली मी पाहिली आहे, "ते आहेत ना" असं म्हणून. अर्थात मोहिमांतही आपली माणसं असतात. दरवाजाजवळ झाडाला फ्लेक्सचा एक तुकडा लटकत होता, तारेने आवळलेला, खोडाच्या सालीत तार रुतलेली. अर्धा फाटला होता, उरलेल्या अर्ध्यावर वाचता येत होतं: "स्वच्छता मोही". खाली आठ हसरे फोटो.

भिंतीवर नाव कोरायचं असेल तर बदाम काढायला विसरू नका. ती आता कुणाबरोबर आहे कोण जाणे, बदाम मात्र तिथेच आहे.

एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल हा कोण मोठा लागून गेलाय. कॉलेजात असताना आम्हीही याच तलावाच्या काठावर भांडी घासली आहेत. बिस्किटाचे कागद कड्यावरून सोडून ते गिरक्या घेत किती वेळ खाली जातात याच्या पैजा लावल्या आहेत. तेव्हा कुणी टोकलं नाही. टोकलं असतं तर आम्हीही बहुतेक "राहू दे काका" म्हटलं असतं. ते कागद आजही त्या दरीत असणार, कुठल्यातरी कारवीच्या बुंध्याशी. त्याची लाज मला आज वाटते. तीस वर्षं उशिरा वाटते, पण वाटते.

तुम्हाला वाटते का? खरं सांगा. पुरे झाला आता हा उपरोध, मला जमतही नाहीये. तुमचा कचरा तुम्ही आणलाय, तुम्हीच न्या. न्यायचा नसेल तर आणू नका. आणायचा आहे आणि न्यायचा नाही, तर घरीच बसा, गडाला तुमची काही गरज नाही. गर्जना खाली पार्किंगमध्ये करा. दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात पाय धुता, आणि वर महाराजांच्या नावाने गळे काढता? तोंड कसं होतं? घरच्या देव्हाऱ्यात ठेवता का रिकामी बाटली, रिकामी आहे म्हणून? त्या वाटेवर गावातली गुरं चरतात. खारट चव लागते म्हणून ती पिशवी चघळतात आणि गिळतात. पोटात गोळा होतो, चारा पुढे सरकत नाही, गाय फुगून मरते. ती कुणाची तरी दुभती गाय असते. त्या घरची बाई तुम्हाला वाटेवर ताक देते, स्टीलच्या पेल्यात. पेला विसळून परत ठेवते. तिला जमतं ते तुम्हाला का जमत नाही? शिकलात म्हणून?

तो तरुण पुढे निघून गेल्यावर मी उठलो. हो, तो गेल्यावरच. समोर भांडायची माझी हिंमत झाली नाही, हेही लिहून टाकतो. जंगीत हात घातला, बाटली घट्ट बसली होती, ट्रेकिंग पोलचं टोक घालून उचकटावी लागली. ती निघाली तर मागे आणखी एक. तिच्यामागे अजून एक, लेबल पांढरं पडलेलं, आत हिरवट पाणी नि मुंग्या. गळ्यापाशी छापलेली तारीख मात्र वाचता येत होती, २०१९ ची. तिघांनीही झाकणं घट्ट लावली होती.

तिन्ही माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात मावल्या. जंगीतून खालचा उतार दिसायला लागला.