सोबत मूल असेल तरच

आमच्या टॉवरमध्ये लिफ्टशेजारी दोन सूचना लावलेल्या आहेत. पहिली जुनी आहे : बारा वर्षांखालील मुलांनी मोठ्या माणसाशिवाय लिफ्ट वापरू नये. दुसरी परवा लागली : घरकामगार, कुरिअरवाले आणि इतर सेवा देणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. ‘आमच्या टॉवर’ हे आपलं बोलायला. मी राहते लोकमान्यनगरला. घोडबंदर रोडवरच्या या टॉवरमध्ये खालचे चार मजले गाड्या राहतात, पाचव्यावर एक डे-केअर आहे आणि तिथे मी पहिली ते सहावीची मुलं सांभाळते.

दुपारी शाळेची बस गेटवर नऊ मुलं सोडते. नऊ दप्तरं, नऊ पाण्याच्या बाटल्या (त्यातल्या दोन गळक्या), आणि त्या दिवशी चौथीतल्या एकाच्या हातात पुठ्ठ्याची आगगाडी. हे सगळं घेऊन मी लिफ्टचं बटण दाबलं तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबा.”

माजी सेक्रेटरीकाका. पांढरे बूट, हातात फाइल. निवृत्त माणूस दिवसाउजेडी फाइल घेऊन खाली बसलेला दिसला की जिन्याने जावं, हे मला आता कळलंय.

“कुठे निघालात?”

“वर.”

“ते दिसतंय. ही लिफ्ट रहिवाशांची आहे. तुम्ही मागची घ्या.”

“काका, मागच्या लिफ्टमधून कचऱ्याचे ड्रम उतरतायत. त्यात एवढी मुलं कशी घालू?”

“मुलांचं कोण बोलतंय? मुलं इथूनच जातील. मुलं रहिवासी आहेत.”

त्यातली तीन समोरच्या सोसायटीतली होती, पण ही माहिती मी पुरवली नाही. मी नुसतं वरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती सावकाश वाचली. बहुधा त्यांच्याच काळात लागली असावी, कारण वाचता वाचता चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“अगदी बरोबर आहे. सोबत मोठं माणूस पाहिजेच.”

“मग मी आहे ना.”

“तुम्ही मागच्या लिफ्टने जायचं.”

शाळेत होडी, लांडगा, शेळी आणि गवताची पेंडी असं एक कोडं असायचं. त्यात निदान शेतकऱ्याला होडीत बसायची परवानगी होती.

सहावीतला आमचा दादा हुशार. तो म्हणाला, “आजोबा, मी पुढच्या महिन्यात बारा पूर्ण करतो. मग मी सगळ्यांना नेऊ शकतो.” काकांनी हे थट्टेवारी नेलं नाही. “तारीख काय?” त्यांनी विचारलं. तारीख ऐकून मान डोलावली. तोपर्यंत आम्ही दहाजणांनी लॉबीतच मुक्काम करावा, याला त्यांची हरकत दिसली नाही.

मग त्यांना तोडगा सुचला. “मी नेतो यांना वर. मी रहिवासी आहे आणि मोठाही आहे. तुम्ही मागून या.”

“तसं नाही करता येणार, काका. तुमचं नाव रजिस्टरमध्ये नाही.”

“कुठल्या रजिस्टरमध्ये?”

“मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं त्याच्या. पालक नावं देतात, ओळखपत्राची प्रत देतात. त्याबाहेर मी कोणाकडे मूल देत नाही.”

“अहो बाई, पस्तीस वर्षं बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या!”

“किल्ल्यांना संध्याकाळी सातला कोणी न्यायला येत नाही, काका.”

हे मी बोलून गेले, पण नियम खरा आहे आणि तो मला पटतो. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात लहान बाळाला मारहाण झाल्याचं कॅमेऱ्यात दिसलं, तेव्हापासून पालक आधी कॅमेरे कुठे आहेत ते विचारतात आणि मग संडास कुठे आहे ते. योग्यच आहे. माझं मूल असतं तर मीही तेच केलं असतं. पण त्या कॅमेऱ्यातून कोण काय बघतं? बेलापूरच्या ऑफिसात बसलेल्या एक आई मला फोन करून सांगतात, “ताई, त्याने दोडका रुमालात गुंडाळलाय.” दोडका मलाही दिसला होता. फक्त त्याच वेळी दुसरीतली एक, पाचवीतल्याच्या नाकात खोडरबर घालत होती.

तर आम्ही असे तटलेले असताना ब्रूनो आला. ब्रूनो म्हणजे सतराव्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर. मालकासह आला, अंगावरचं पाणी माझ्या सलवारीवर झाडलं, पुढच्या लिफ्टमध्ये शिरला आणि दार बंद होईपर्यंत आमच्याकडे बघत राहिला.

मी काकांकडे पाहिलं.

“तो रहिवासी आहे,” काका म्हणाले.

लिफ्ट सतराव्या मजल्यावर जाऊन परत यायला वेळ लागतो. एवढ्या वेळात एखादा भला माणूस गप्प बसला असता. काकांनी गप्पा सुरू केल्या. “तसं तुमचं काम बरं आहे म्हणा. मुलं शाळेतून येतात, खातात, आपला आपला अभ्यास करतात. नुसतं बसायचं. शिक्षण काय तुमचं?”

शिक्षण बी. ए. आणि बालवाडीचा कोर्स, पण ते सोडा. मुलं आपला आपला अभ्यास करतात! तिघांच्या शाळा वेगळ्या, बोर्डं वेगळी, भागाकाराच्या रीती वेगळ्या. माझ्या रीतीने केला की उत्तर बरोबर येतं आणि बाई लाल शेरा मारतात. चार वाजता डबे, पाच वाजता मारामारी, सहा वाजता ‘उद्या पिवळा टी-शर्ट आणायचाय’ हे एकाला आठवणार. ते त्याच्या आईला मी कळवायचं, आणि आईने माझ्यावरच चिडायचं की हे आत्ता सांगताय?

सरकारच्या लेखी ही मुलं आहेत की नाहीत, याचीही मला शंका येते. २०१७ च्या सुधारित मातृत्व कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलं झालं. सरकारी पाळणाघराची योजनाही आहे, वय सहा महिने ते सहा वर्षं. सातव्या वर्षी मूल स्वतःच्या हाताने वरणभात गरम करून, दाराला आतून कडी लावून, पाढे म्हणत बसतं असा काहीतरी समज असावा. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असा हिशोब आहे. शाळा सुटल्यावर त्याच मुलांमागे किती ताया हव्यात, तो हिशोब आमच्या मॅडम एकट्या करतात आणि तो नेहमी एकवर येऊन थांबतो.

त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. शाळा नऊला गेल्या, पण आईबाबांची लोकल कोणी पुढे ढकलली नाही. त्यामुळे आता काही मुलं सकाळी पावणेसातला युनिफॉर्मसकट आमच्याकडे येतात आणि सरकारने मंजूर केलेली झोप आमच्या सतरंजीवर पुरी करतात. वाढीव वेळेचे पैसे किती, असं मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “झोपलेलीच तर असतात गं.”

यातलं मी काकांना काहीही सांगितलं नाही. त्यांचं लक्षही नव्हतं. ते खाली वाकून पुठ्ठ्याची आगगाडी तपासत होते.

“कुठली गाडी ही?”

“पहिली. बोरीबंदर ते ठाणे,” चौथीतला म्हणाला.

“साल?”

“१८५३.”

“तारीख?”

“१६ एप्रिल.”

“डबे चौदा होते. तुझे चार आहेत. आणि इंजिनं तीन होती, साहिब, सिंध आणि सुलतान. तू एकच केलंस?”

मुलाचा चेहरा पडला. ते इंजिन आदल्या संध्याकाळी मी केलं होतं. टूथपेस्टच्या खोक्यापासून. खोकं एकच होतं.

आता मात्र मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात पहिलीतलीने माझी ओढणी खेचली. “ताई, शू.”

“हिला काय झालं?” काकांनी विचारलं.

“शू आलीय.”

“मग? कुठे जाणार?”

“वर जाऊ दिलंत तर वर. नाहीतर इथे.”

लॉबीतली फरशी नुकतीच बदललेली आहे. रहिवाशांनी त्यासाठी वेगळी वर्गणी दिली आहे. काकांनी स्वतः लिफ्टचं बटण दाबलं. एकदा दाबलेलं बटण पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिले. लिफ्ट आली तेव्हा तेही आत आले, देखरेख म्हणून. गर्दीत चेंगरू नये म्हणून आगगाडी त्यांनीच डोक्यावर धरली होती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सूचनेखाली एक ओळ वाढली : ‘डे-केअरच्या सेविकांनी सोबत मूल असेल तरच पुढची लिफ्ट वापरावी.’ मॅडम खूश. “बघ, किती समजूतदार लोक आहेत.” म्हणजे मूल सोबत असलं की मी माणूस, आणि एकटी दूध आणायला निघाले की कचऱ्याच्या ड्रमशेजारी उभी. दूध आणायला एखादं मूल बरोबर घ्यावं तर उरलेल्या आठांजवळ कोण थांबणार?

त्याच संध्याकाळी आगगाडीवाल्याचे बाबा पावणेआठला आले. आमची वेळ सातपर्यंत. त्यानंतर पंधरा मिनिटांना पन्नास रुपये लेट फी, त्यातली निम्मी माझी, आणि ती मागितली की प्रत्येक पालक घोडबंदर रोडचं वर्णन करतो. याही बाबांनी केलं : माजिवड्याला कंटेनर, पुढे मेट्रोचं खोदकाम. मुलगा शांतपणे म्हणाला, “ती पहिली गाडी चौतीस किलोमीटर तास-सव्वा तासात आली होती, बाबा.”

त्यांनी रजिस्टरवर सही केली. लिफ्टपाशी आल्यावर अगत्याने म्हणाले, “या ना ताई, आम्हीपण खालीच चाललोय.” पण सही झाली की मूल माझ्यासोबतचं राहत नाही, आणि वर कॅमेरा होता. मागची लिफ्ट सकाळपासून बंद. मी पार्किंगचे चारही मजले जिन्याने उतरले. खाली पोचायला जो वेळ लागला, तो धरून लेट फी पूर्ण तासाची लावली आहे. मॅडमनी रजिस्टर अजून बघितलेलं नाही.