जिवाणू म्हणजे स्पंज नव्हे

गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) तोंडावर आली की दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर बागेसाठी ड्रममध्ये जिवाणू वाढवण्याबद्दल एक मेसेज हमखास फिरतो: 'जिवाणूंना तोंड नसतं, ते स्पंजासारखं अंगानेच शोषतात. ड्रममध्ये गूळ जितका जास्त, तितके जिवाणू जास्त. फेरस सल्फेटही त्यातच टाका, लोह ते आपोआप ओढतील.'

तोंड नसतं, एवढं खरं.

अंगाने मात्र शोषत नाहीत. पेशीभोवतीचं पटल स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचं असतं. त्यातून ऑक्सिजन जातो, साखर अडते. साखरेसाठी प्रथिनांची दारं लागतात आणि एकेक दार ठरावीक मालापुरतंच. आत घेण्याची किंमतही बहुधा मोजावी लागते. ग्लुकोजची तर गंमतच आहे: ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू त्याला आत घेतानाच फॉस्फेट चिकटवतो, मग ते परत निसटत नाही. कुंडिग, सुधामय घोष आणि रोझमन यांनी १९६४ साली ही यंत्रणा दाखवली.

आता गूळ. त्यात मुख्यतः सुक्रोज. प्रयोगशाळेतल्या के-१२ जातीच्या ई. कोलायला ते वापरताच येत नाही. म्हणजे गूळ वाढवला की ज्यांना तो चालतो त्यांचीच गर्दी; आपल्याला हवे ते त्यात असतीलच असं नाही. २०० लिटरला २ किलो ठीक. पण फारच घट्ट केलंत तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मोरंबा टिकतो तो याच कारणाने. ड्रममध्ये बेसन टाकलं तर त्यातली प्रथिनंही अख्खी आत जात नाहीत, बाहेर विकरं (एन्झाइम) सोडून त्यांचे तुकडे करावे लागतात.

लोहाचं तर अगदीच उलट आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही कोवळी पानं पिवळी पडतात, कारण सामू (पीएच) वाढला की ते विरघळत नाही. जिवाणूंचीही तीच अडचण. कृषी सेवा केंद्रात मिळणारा स्यूडोमोनास फ्लुरोसन्स त्यासाठी पायोव्हर्डिन नावाचं पिवळट-हिरवं द्रव्य बाहेर सोडतो. ते लोहाला धरतं. या जिवाणूला आत आणि बाहेर अशी दोन पटलं असतात; ही जोडी बाहेरच्या पटलाच्या साध्या छिद्रांत मावत नाही. तिच्यासाठी वेगळं दार, आणि ते उघडायला लागणारी ऊर्जा आतल्या पटलाकडून येते. रोगकारक बुरशीच्या वाट्याचं लोह पळवलं जातं तेही यामुळेच. लोह आयतं मिळालं की हा जिवाणू पायोव्हर्डिन बनवणंच थांबवतो. म्हणून फेरस सल्फेट द्यायचंच असेल तर वेगळं द्या, जिवाणूंच्या ड्रममध्ये नको.