"पाच वर्षं झाली की मॅडम"

"पाच वर्षं झाली की मॅडम. किती दिवस उगाळायचं तेच ते?"

आज ओपीडी संपता संपता एक दीर दारात उभा राहून हे म्हणाला. भावजय आतच बसलेली, तिला स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी तेव्हा गप्प राहिले. रांग होती, पुढचा केसपेपर टेबलावर होता. पण डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितेय. लांब होणार आहे. (बाईची ओळख लागेल असं सगळं बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय.)

तिच्या फायलीत तीन ईसीजी, दोन टूडी इको, थायरॉइड, शुगर, पोटाची दुर्बीण. सगळं नॉर्मल. तक्रार काय, तर "छातीत धडधड करायलंय, जीव घाबरा होतोय, पहाटं तीनला जाग येती अन् मग डोळा लागंना." सात ठिकाणी दाखवून झालं. प्रत्येकानं एखादी गोळी वाढवली. मालक कधी गेले, कसे गेले, हे सातांतल्या एकानंही विचारलं नव्हतं.

एप्रिल २०२१. कोविड वॉर्ड, नववा दिवस. दवाखान्यातून घरी आली ती गाठ मारलेली एक प्लास्टिकची पिशवी. ती पिशवी अजून पत्र्याच्या पेटीत आहे. तिनं ती उघडलेली नाही.

याला घरचे "टेन्शन" म्हणतात. माझ्या मते या बाईचं दुःख करायचं राहून गेलंय, आणि आपल्याकडं घरोघर असं राहून गेलेलं आहे. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पेटीतल्या पिशवीला ते कुणी कळवलं नाही.

एरवी माणूस गेलं की काय होतं ते आठवा. प्रेत अंगणात असतं, लेकी येईपर्यंत थांबतात. बाया गळ्यात पडून रडतात. घरात चूल पेटत नाही, भावकीतून कडू घास येतो आणि कुणीतरी बळंच दोन घास खायला लावतं. तिसऱ्याला राख सावडायची. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात ताटकळायचं. तेराव्यापर्यंत त्या बाईला रात्री एकटीला झोपू देत नाहीत. (बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं याची बाजू मी घेणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये त्याविरुद्ध ठराव केला ते उत्तम केलं.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सांत्वनाला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "कसं झालं ओ?" आपल्याला तो प्रश्न खुपतो. पण तेरा दिवसांत तीच हकिकत पन्नास वेळा सांगून होते, आणि दर वेळी सांगताना ती थोडी थोडी जागेवर बसते. आधी सगळं तुटक असतं. हळूहळू त्याला सुरुवात येते, मध्य येतो, शेवट येतो. दुःख अडकून बसलेल्या माणसासाठी सोळा बैठकांची एक उपचारपद्धत आहे. तिच्यात मुख्य काम हेच असतं, ती हकिकत पुन्हा पुन्हा सांगायची, ऐकणाऱ्यानं न घाबरता ऐकायची. आपल्या म्हाताऱ्या बायांना हे फुकट येत होतं.

२०२१ मध्ये हे सगळंच बंद. मृतदेह गुंडाळलेला, चेहरा दिसेल न दिसेल, अग्नी दुसऱ्याच कुणी दिलेला. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह नेले होते, ते विसरलात का? आणि गावात घराला नाव पडलं, "कोरोनाचं घर". दूधवाला दारापासून लांबच ओतून जायचा. कडू घास कोण आणणार?

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला तेव्हाही प्रेतं एकत्रच जाळावी लागली. पण वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांच्या अंगावर पडून रडली होती. कोविडमध्ये तेवढंही हातात राहिलं नाही.

आज तिनं पहिल्यांदा सगळं सलग सांगितलं. चाळीस मिनिटं. आणि शेवटच्या पाच मिनिटांत हळूच म्हणाली, "त्या राती दोनला यांचा फोन आल्ता. मला झोप लागली व्हती. उचलला न्हाई." पाच वर्षांत हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ती बाहेर यायला उठणार, तोच दारात दीर म्हणाला, किती दिवस उगाळायचं.

राग येणार नाही तर काय होणार?

हो, दुःखालाही मुदत असते, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, म्हणते सहा महिने; अमेरिकेतलं मनाच्या आजारांचं पुस्तक, डीएसएम, २०२२ च्या आवृत्तीत म्हणतं एक वर्ष. त्यानंतरही रोज तितकीच ओढ, तेच टाळणं, संसारातून मन उडालेलं असेल तर तो उपचाराचा विषय होतो. पण उपचार म्हणजे "विसरा आता" नव्हे.

आता गोळ्यांचं. यावर मी कितीही वेळा बोलले तरी कमीच.

तिच्या पदराच्या गाठीला अल्प्राझोलामची, म्हणजे घबराटीवरच्या, झोप आणणाऱ्या गोळीची, ०.५ मिलिग्रॅमची पट्टी होती. २०२१ मध्ये पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी आजपर्यंत चालू! हे औषध शेड्यूल एच-वन या सरकारी कडक यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची. आणि गावोगाव "झोपेची द्या" म्हटलं की मिळतं. शरीराला सवय लागली की तोच डोस पुरत नाही, झोप पुन्हा तुटते, मग माणूस दीड घेतो, दोन घेतो.

आणि याहून वाईट चूक म्हणजे एक दिवस चिडून पट्टी फेकून देणं. नवरात्र बसलं, गोळ्या बंद, असं करणारे दर वर्षी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अजिबात झोप नाही, हात थरथरतात, घाम फुटतो, एखाद्याला फिट येते. मग घरचे म्हणतात, "बाहेरचं" झालं. ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली पायरीपायरीनं उतरवायची असते, साधारण दोन आठवड्यांना दहा ते पंचवीस टक्के. ०.५ ची गोळी मधून तोडली तर डोस एकदम निम्मा होतो. त्यापेक्षा डॉक्टर ०.२५ च्या गोळ्या लिहून देतात. एका ०.५ च्या जागी तशा दोन. मग आधी दीड, मग एक, मग अर्धी. शेवटची अर्धी सगळ्यात जड जाते, तिथं घाई करायची नाही.

उदासीवरची औषधं, म्हणजे एस्सिटालोप्रॅमसारखी, त्यांचा हिशेब उलटा. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी, आणि गुण दिसायला दोन ते चार आठवडे. आपली माणसं दहाव्या दिवशी "लागू पडंना" म्हणून सोडतात. ज्यांना गुण येतो ती बरं वाटलं की दुसऱ्याच महिन्यात सोडतात. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने घ्यायची असतात. यांची सवय लागत नाही, पण बंद करताना हळूच करायची. एवढं केसपेपरवर मराठीत लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो?

पण प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. आणि प्रत्येक धडधड मनाचीही नसते. छातीत पहिल्यांदा दुखलं, घाम फुटला, दुखणं हाताकडं किंवा जबड्याकडं गेलं, तर आधी ईसीजीच. मनाचं नंतर बघू. पण तीन ईसीजी नॉर्मल आल्यावर चौथ्याला पाठवणाऱ्यानं एकदा खुर्ची पुढं ओढून विचारावं, घरात काय झालं होतं?

विचारायचं कसं, हाही एक भाग आहे. आमच्याकडं नऊ प्रश्नांची एक यादी असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलची. "उदास वाटतं का?" असं विचारलं की दहातले आठ जण "नाही" म्हणतात. उदास हा पुस्तकातला शब्द. "करमतंय का? जेवण गोड लागतंय का? लेकराशी बोलू वाटतं का? पहाटं किती वाजता जाग येती?" असं विचारलं की सगळं बाहेर येतं. डोक्यात मुंग्या, हातापायाची गळाटी, काळजात कालवणं, ही आपली उदासीची भाषा आहे.

नववा प्रश्न जीव द्यावासा वाटतो का, हा. सरळ विचारायचा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "होय" आलं तर त्या रात्री एकटं सोडायचं नाही आणि फवारणीचं औषध घरातून हलवायचं. शेतातल्या कोठीत कुलूप लावून किल्ली शेजाऱ्याकडं. तेवढ्यानं वेळ मिळतो, आणि ती लाट बऱ्याचदा त्या वेळेत ओसरते. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलतात. फ्रीजवर, माठाच्या वर, कुठंही लिहून ठेवा.

दर्ग्यात, देवाला नेतात त्यावर मी पूर्वी भांडायचे. आता नाही. निदान तिथं माणूस चार माणसांत बसतो. फक्त गोळ्या बंद करायला सांगणारा भेटला तर उठून यायचं.

पुन्हा त्या पिशवीकडं येते. ती एकदा उघडली गेली होती, हे आज कळलं. पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज भरायला आधार कार्ड लागत होतं. दिरानं उघडली, कार्ड काढलं आणि परत गाठ मारली. तिला त्या वेळी स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

 रांग संपल्यावर दिराला मी आत बोलावलं, आणि त्याचं ऐकून माझा राग जरा खाली आला. स्मशानात तोच गेला होता. लांब उभा. चार चिता सोबत जळत होत्या, आणि "आपली कोणती" हे त्यानं तिथल्या माणसाला दोनदा विचारलं. घरी येऊन वहिनीला सांगितलं, "व्यवस्थित झालं सगळं." पाच वर्षं तो एवढ्या एका वाक्यावर काढतोय. रात्री घेतल्याशिवाय त्यालाही झोप नाही. पुरुषांना "कसं झालं" हे तर एरवीही कुणी विचारत नाही. त्याला तिचं रडणं ऐकवत नाही, म्हणून "उगाळायचं" हा शब्द. तरीही भावजयीला ऐकू जाईल असं बोलायला नको होतं. एवढं मी त्याला सुनावलंच.

तुमच्या घरात, ओळखीत अशी पिशवी असेल तर (असेलच, नाहीतर कपाटातला शर्ट असेल, बंद मोबाईल असेल) दोन चुका करू नका. "दिसलं की त्रास होतो" म्हणून परस्पर जाळू किंवा वाहत्या पाण्यात सोडू नका. त्या माणसाचा शेवटचा निरोप तुम्ही दुसऱ्यांदा हिसकावताय. आणि जोर करून एका दमात उघडायलाही लावू नका. पहिल्या दिवशी पिशवी फक्त समोर ठेवायची, दहा मिनिटं. काय काय असेल ते बोलायचं, परत ठेवायची. पुढच्या वेळी गाठ. मग एक वस्तू, टॉवेल किंवा चष्मा. दिवसा करायचं, जेवण झालेलं असावं, सोबत न घाबरणारं एक माणूस हवं आणि नंतर तासभर हाताला साधं काम, शेंगा फोडणं, ज्वारी निवडणं. ती रडलीच पाहिजे असं काही नाही. काही जणी हसतात, चष्म्याला बांधलेला दोरा बघून.

त्यात मोबाईल असेल तर पाच वर्षांनी थेट चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलेली असू शकते. दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या, फोटो आणि रेकॉर्डिंग आधी दुसरीकडं घ्यायला सांगा. सिम बंद झालेलं असणार, हे तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर "नंबर अस्तित्वात नाही" हे ऐकून ती पुन्हा कोसळते. शेवटची कॉलयादी एकटीला बघू देऊ नका.

त्या रात्रीच्या फोनचं काय करायचं? "तुझी काही चूक नव्हती" हे तिला लगेच म्हणायचं नाही. ते सगळेच म्हणतात, त्यानं तोंड बंद होतं. विचारायचं की फोन उचलला असता तर ते काय बोलले असते. आज विचारलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बैलाला पाणी पाजलं का, एवढंच इचारलं असतं."

पुढच्या गुरुवारी दोघं येणार आहेत, पिशवी घेऊन. दीर म्हणाला, गाठ त्यानंच मारलीय, लई घट्ट बसलीय, कात्री आणू का. मी म्हटलं, नको. नखानं सुटते का बघू.