साडेबाराची साडेसाती

आमच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक लाल डायरी असते, तिच्यात गेली सहा वर्षं मी पेट्रोलचा हिशोब लिहितोय. पंपावर नळी आपोआप 'टक' करून थांबेपर्यंत भरायचं, ट्रिपमीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत टकपर्यंत भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. टक झाल्यावर पंपावरचा पोरगा "साहेब, राउंड फिगर करू?" म्हणत नळी परत दाबायला जातो तेव्हा मी किंचाळतोच, कारण त्याच्या त्या राउंड फिगरपायी माझं अख्खं गणित बोंबलतं. बायको ह्या डायरीला सवत म्हणते.

तर गणपतीनंतर डायरीत आकडा पडला, 402 किलोमीटर आणि 32 लिटर. साडेबारा! सतरा देणारी गाडी! फोनवर दोनदा भागून बघितलं, मग पेनाने कागदावर भागलं, उत्तर तेच. गाडीच्या स्क्रीनवर 13.6 दिसत होतं, पण तो स्क्रीन म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ, पगार थोडा चढवूनच सांगणार. महिन्याला माझं हजारेक किलोमीटर होतं, कोथरूड ते हिंजवडी आणि परत, म्हणजे सरळसरळ 21 लिटर पेट्रोल दर महिन्याला कुठेतरी गायब. पेट्रोल शंभरीपार. रात्री झोप लागेना.

हे सगळं मी पार्किंगमध्ये मोठ्याने बोललो ही खरी चूक. आपल्याकडे माणसाला ताप आला तर दोन जण विचारतील, पण गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हटलं की चार मजले खाली उतरतात.

दुसऱ्या मजल्यावरचे काका सगळ्यात आधी. "इथेनॉल! उसाचा रस पाजतायत गाड्यांना, दुसरं काय होणार?" काकांकडे हल्ली सगळ्यालाच इथेनॉल, मागे त्यांचा वायपर करकरत होता तेव्हाही इथेनॉल. आता इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते हे खरंय, पंपावर मिळतं त्यात ते 20 टक्के असतं हेही खरं, पण 20 चा तिसरा हिस्सा म्हणजे जेमतेम साडेसहा टक्के, सतराचे फार तर सोळा होतील, साडेबारा कसे? आणि गणपतीच्या आधी काय गाडी गंगाजलावर चालत होती का? काका म्हणाले, "तू हिशोब करत बस, मी अनुभवाचं बोलतोय."

मेव्हण्याचं म्हणणं पडलं, "भावोजी, पंपवाला मारतोय." हे मात्र मला पटलं, कारण चोर दुसरा कोणीतरी असला की बरं वाटतं. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं हे मला माहीत होतं, पण सकाळी साडेनवाला, मागे अकरा दुचाक्या आणि एक स्कूल व्हॅन हॉर्न वाजवत असताना ते मागायला जी छाती लागते ती आपली नव्हे हे तिथे गेल्यावर कळलं. तरी मागितलं. पोरग्याने शांतपणे माप आणलं, पेट्रोल ओतलं, काठाच्या रेघेला बरोब्बर पाच. पाच लिटरमागे 25 मिलीपर्यंत इकडेतिकडे चालतं, इथे तेवढंही नाही. मागून एक आजोबा ओरडले, "अहो, बोट घालून बघा आता!"

मग टायर. हवा 24 निघाली, दारावरच्या स्टिकरवर 32 लिहिलंय. "नायट्रोजन मारू का साहेब?" मुळात हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, उरलेल्या बावीससाठी मी पैसे मोजणार नाही असं बाणेदारपणे सांगितलं आणि साधी हवा भरली. पुढच्या टाकीला 13.1. प्रगती आहे, पण दहावीत 35 चे 37 झाल्यावर जेवढी वाटते तेवढीच.

सर्व्हिस सेंटरचं तर बोलूच नका. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही, आणि फॉल्ट नसल्याचं एस्टिमेट 7,840 रुपये. इंजेक्टर क्लिनिंग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, आणखी कसलं तरी क्लिनिंग. मी फक्त एअर फिल्टर बदलून पळ काढला. बायको म्हणाली, "तू कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत फर्स्ट-सेकंडमध्ये जातोस, वाकडला अर्धा तास एसी लावून उभा असतोस, अजून किती द्यायचं तिने?" ह्याला उत्तर नव्हतं, पण वाकडला मी सहा वर्षं उभा आहे, तेव्हा सतरा देत होतीच ना.

ह्या सगळ्यात एकच चांगली गोष्ट चालली होती. आमच्या सोसायटीत मनी नावाची मांजर आहे. दर पावसाळ्यात मी घरी आलो की ही गरम बॉनेटवर चढून चिखलाचे ठसे उमटवणार, ठरलेलं. यंदा महिनाभर बॉनेट स्वच्छ. मला वाटलं वय झालं, समज आली.

एका संध्याकाळी गाडी लावली, पिशव्या काढायला मागे गेलो तर मनी मागच्या डाव्या चाकाला पाठ लावून डोळे मिटून बसलेली. उजवं चाक रिकामं. बॉनेट रिकामं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागचं डावंच. म्हटलं ही बया इथेच का बसते, म्हणून वाकून चाकाच्या नटाला बोट लावलं आणि अक्षरशः "आई गं" निघालं तोंडातून. मनीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, कळलं का आता, अशा चेहऱ्याने. पुढची चाकं कोमट होती, ती असतातच, ब्रेकचं बरंचसं काम तीच करतात. पण मागचं उजवं थंडगार आणि डावं तव्यासारखं!

मग सगळंच आठवायला लागलं. सोसायटीच्या उतारावर न्यूट्रल केली की आपणहून घरंगळणारी गाडी हल्ली ढिम्म उभी राहायची, आणि मला वाटायचं किती समजूतदार. वाकडला करपल्यासारखा वास यायचा, तो मी पुढच्या ट्रकच्या नावावर खपवत होतो.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने जॅक लावला, हँडब्रेक सोडला, उजवं चाक हाताने फिरवलं, ते गरगर फिरत राहिलं. डावं फिरवलं, खर्रर्र करून अर्ध्या फेऱ्यात बंद. "दादा, ब्रेक धरून चाल्लीय ना गाडी. पावसात उभी होती का?"

होती. गणपतीला आम्ही ट्रेनने कोकणात गेलो, रस्त्याची अवस्था बघून गाडी काढलीच नाही, बारा दिवस उघड्यावर पावसात उभी. आणि हँडब्रेक? तो मी वडिलांच्या शिकवणीप्रमाणे कर्र कर्र कर्र करत पार शेवटच्या दात्यापर्यंत ओढलेला, सपाट जमिनीवर. केबलच्या नळीत पाणी शिरून गंज धरलेला, लिव्हर खाली जायचं पण केबल पूर्ण मागे यायचीच नाही. म्हणजे महिनाभर मी ॲक्सिलरेटरही दाबत होतो आणि ब्रेकही. नवी केबल, लायनर घासून साफ, मजुरी धरून 1,450 रुपये. "पावसात जास्त दिवस ठेवायची तर गिअरमध्ये टाकून ठेवा, चाकाला वीट लावा," तो म्हणाला. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या टाकीला 16.4. डायरीत लाल पेनाने लिहिलं आणि मनीला दूध घातलं. तिने दूध प्यायलं, मागच्या डाव्या चाकाला नाक लावलं आणि नापसंतीने निघून गेली.

परवा काका पार्किंगमध्ये भेटले, वैतागलेले. "आमची पण पंधरावरून अकरावर आली रे. मी म्हटलं नव्हतं? इथेनॉल!" मी मान डोलावली. त्यांच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाला पाठ लावून मनी झोपली होती.