उसन्या कॅटवरची जादू: मंगळवार पेठेतल्या वाचकांना उत्तर

दादा, प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: खुणेच्या पानाची युक्ती करायला तालमीत मिळालेल्या कॅटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जुडीत, 49च पानं निघाली, निवडलेलं पान परत गेल्यावर एकानं "आण हिकडं, मी पिसतो" म्हणत कॅट ओढून घेतला आणि सगळं फसलं, तेव्हा उसन्या पत्त्यांवर जादू होते हे थोतांड, जादूगार आपलाच कॅट नेतात.

49 पानांना दोष देऊ नका. खुणेच्या पानाची युक्ती मोजणीवर चालतच नाही. तळाचं पान गुपचूप बघायचं, समजा किलवर सत्ती. समोरच्यानं निवडलेलं पान कॅटवर ठेवायला सांगायचं. मग वरचा निम्मा भाग उचलून खाली ठेवायचा आणि उरलेला त्याच्यावर. आता सत्तीच्या बरोबर खाली त्याचं पान. 40 पानं असोत की 52, ही जोडी तशीच राहते. कितीही वेळा काटलं तरी तुटत नाही. फक्त काट नेमका दोघांच्या मध्ये पडला, तर त्याचं पान सगळ्यात वर येतं आणि सत्ती तळाला जाते. शेवटी पानं एकेक करून उघडी वाटायची, सत्ती आली की पुढचं पान त्याचं; म्हणून वाटायला लागण्याआधी तळ एकदा बघा. सत्ती तिथं दिसली तर नशीब उघडलं, पहिलंच पान त्याचं.

पिसण्याचं मात्र नीट बघू. आपल्याकडं बहुतेक जण हातात धरून गठ्ठ्यागठ्ठ्यानं पिसतात. गठ्ठ्यांची जागा बदलते, गठ्ठ्यातला क्रम बदलत नाही. 49 पानांत 48 फटी. एका फेरीत आठ गठ्ठे पाडले तर सात ठिकाणी तोड होते. म्हणजे ती नेमकी तुमच्या जोडीत पडण्याची शक्यता साधारण सातांत एक. तुमच्या त्या माणसानं एकच फेरी मारली असेल तर जोडी बहुधा शाबूत होती, तुम्हीच लवकर हार मानलीत. तीन-चार फेऱ्या मारल्या, किंवा दोन भाग करून एकमेकांत फर्रकन घुसवले, तर मात्र भरवसा धरू नका.

खरा उपाय म्हणजे पिसायला आधीच द्यायचं. पान निवडण्यापूर्वी दोघा-तिघांना मनसोक्त पिसू द्या, तिथं काहीच बिघडत नाही. मग कॅट परत घेताना तळ बघायचा. पानं सारखी करायला लांब कड तळहातावर टेकवताना कॅट थोडा आपल्याकडं कलतो, तेवढं पुरे. मान खाली घालून बघितलंत की पकडले गेलात. तळ बघताना तोंडानं काहीतरी विचारत राहा, म्हणजे समोरचा तुमच्या चेहऱ्याकडं बघतो.

उसन्या कॅटमधला खरा धोका वेगळाच आहे. रमीसाठी सारख्याच पाठीचे दोन कॅट एकत्र केलेले असतात आणि त्यातलाच अर्धा भाग हातात येतो. मग किलवर सत्त्या दोन! "जोकर काढतो" म्हणून पानं एकदा तोंडाकडून चाळा. कुणाला शंका येत नाही आणि दुबार पानं कळतात. तशी दिसली तर तळाची दोन पानं लक्षात ठेवा, सत्ती आणि तिच्या वरचा गुलाम. ही जोडी पुन्हा तशीच येणं अवघड.

दुसरा धोका चिकट पानांचा. कोल्हापुरातला पावसाळा, त्यात भजी खाल्लेले हात. वाटताना दोन पानं एकदम पडतात आणि त्याच्या पानामागं सत्तीच लपून जाते. प्रत्येक पान अंगठ्यानं बाजूला सरकवून मगच टाका. कॅरमची पावडर दुसऱ्याच्या पत्त्यांवर टाकू नका. कोरडं सुती फडकं फिरवलं की बस्स.

काटून झाल्यावर वाटत बसायचं नसेल तर पानं तोंड वर करून डाव्या हातातून उजवीकडं पसरा. सत्तीच्या उजव्या बाजूचं पान त्याचं.

शेवट रंगवायचा तर वाटताना त्याचं पान ओलांडून आणखी पाच-सहा पानं टाका आणि म्हणा, "आता जे पान उलटीन ते तुझं." त्याचं पान मागंच गेलेलं त्यानं बघितलेलं असतं, त्यामुळं तो खासबागेतल्या भेळेची पैज लावायला एका पायावर तयार होतो. तुम्ही खाली पडलेलं त्याचंच पान उचलून पालथं करायचं. पैशाची पैज घेऊ नका, तालमीत भांडण होईल.

जादूगार आपला कॅट नेतात हे खरं. रंगमंचावर कॅट बदलणं, खुणा केलेली पानं वापरणं हे चालतं. पण त्यावरून उसन्या कॅटवर काहीच होत नाही असं ठरत नाही. या युक्तीत पत्त्यांना काही केलेलंच नसतं, त्यामुळं ज्याचा कॅट त्यानं नंतर हवा तेवढा तपासावा.

एकवीस पानांची जादूही तुमच्या 49मध्ये आरामात बसते. सात-सातच्या तीन रांगा, दाखवलेली रांग दर वेळी मधे, तिसऱ्या खेपेनंतर अकरावं पान. पण ती शाळेपासून सगळ्यांना पाठ. तालमीत केलीत तर तुमच्या आधीच कुणीतरी "अकरावं!" म्हणून ओरडेल.