पोकेमॉनची कार्डं आणि ‘मुलांचा जुगार’ हा आरोप

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पोकेमॉनसारखी कार्डं, म्हणजे काल्पनिक प्राण्यांची चित्रं असलेले, डाव मांडून खेळायचे पत्ते, हा मुलांचा जुगार, त्यातले प्राणी सैतानी, त्यांच्यामुळे जपानमध्ये शेकडो मुलं दवाखान्यात गेली, मुलं मारामारी शिकतात, अभ्यास बुडतो, म्हणून घरात सापडतील ती कार्डं जाळून टाका, असा त्याचा मजकूर आहे. मी पूर्व भागात गणिताची शिकवणी घेते. माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांची कार्डं या मेसेजपायी खरोखर चुलीत गेली. त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

जुगाराचा आरोप सगळ्यात गंभीर आहे, म्हणून तो आधी घेते. मेसेज म्हणतो, मुलं ‘बक्षिसाची कार्डं’ लावून खेळतात. खेळाचे नियम पाहा. प्रत्येकाकडे स्वतःच्या 60 कार्डांचा डेक, म्हणजे संच, असतो. पिसून झाल्यावर 7 कार्डं हातात घ्यायची आणि आपल्याच डेकमधली 6 बाजूला पालथी ठेवायची. हीच ती बक्षिसाची कार्डं. समोरच्याचा पोकेमॉन हरवला की आपण बाजूला ठेवलेलं आपलंच कार्ड उचलायचं. डाव संपला की दोघंही आपापला डेक घेऊन घरी जातात. कुणाचं काही कुणाकडे जात नाही.

पत्ते पिसण्यात नशीब आलंच. पण नशिबाचा भाग आहे एवढ्यावरून खेळ जुगार ठरत नाही. आपल्या राज्याच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. रमीबद्दल 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पानं लक्षात ठेवणं, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं हे ठरवणं, यात मुख्यतः कौशल्य आहे. डेक आधी घरी बसून विचारपूर्वक बांधायचा असेल, तर कौशल्याला आणखी वाव मिळतो.

तरीही मेसेज लिहिणाऱ्याच्या काळजीत एक खरी गोष्ट आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ही कार्डं बंद पाकिटांतही विकतात, आणि आत काय निघेल ते विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रिंग टाकायच्या स्टॉलवर पोरगं जसं ‘अजून एकदा, अजून एकदा’ करत पैसे मागतं, तसंच पाकिटांचं होतं. हा प्रश्न नवाही नाही. 1999 मध्ये अमेरिकेत याच मुद्द्यावर पालक कोर्टात गेले होते. त्याआधी, 1993 साली गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी आणलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अशा पहिल्या खेळात, हरणाऱ्याने एक कार्ड जिंकणाऱ्याला कायमचं द्यायचं, असा नियमही होता. त्यावर टीका झाली आणि तो मागे पडला. म्हणजे मोह पाकिटात आहे, डावात नाही. पाकिटं घेणं बंद केलं तरी खेळ पूर्ण खेळता येतो.

आपल्याकडे दुकानांत लटकणारी सोनेरी, चकचकीत प्लास्टिकची पाकिटं तर बहुतेक नकली असतात. त्यांवरचे आकडे मनाला येतील तसे छापलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर नियमाने डाव मांडताच येत नाही. मग मुलं काय करतात? हाताचा फटका मारून कार्ड उलटं पाडतात, आणि पाडेल त्याचं ते कार्ड कायमचं होतं. यात थोरल्या मुलांकडून धाकटी नागवली जातात. मेसेजने नेमकं हेच सांगायला हवं होतं, आणि याचा त्यात एक शब्दही नाही.

सैतानाबद्दल फार लिहीत नाही. हे प्राणी जपानी चित्रकारांनी कल्पनेने काढलेले आहेत. पत्त्यांवर चित्रविचित्र आकृती असणं आपल्यालाही परकं नाही. सावंतवाडीच्या 120 पानांच्या दशावतारी गंजिफ्यात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह सगळे आहेत.

दवाखान्याची गोष्ट खरी आहे, पण ती कार्डांची नाही. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये टीव्हीवरच्या पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सुमारे 685 जणांना, त्यात बहुतेक मुलंच, दवाखान्यात न्यावं लागलं. कार्डाच्या पुठ्ठ्यातून प्रकाश लुकलुकत नाही.

मारामारी म्हणाल, तर डावात पोकेमॉन मरत नाही, बेशुद्ध पडून बाहेर होतो. यापेक्षा जास्त मारामारी मुलं कार्टूनमध्ये रोज पाहतात.

अभ्यासाचं मात्र मी छातीठोकपणे सांगते, कारण ते रोज बघते. माझ्या मुलांपैकी कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू बोलतात. कार्डावर इंग्रजीत लिहिलेली तीन-चार ओळींची सूचना समजल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही, म्हणून ती अक्षर अन् अक्षर लावून वाचतात. पोकेमॉनची किती ताकद उरली याचा हिशेब, 120 मधून 50 वजा, वर 30 ची भर, असा तोंडी चालू असतो. बहुतेक कार्डं एका नावाची जास्तीत जास्त 4 च डेकमध्ये ठेवता येतात. मग प्रश्न असा, की त्या चारांपैकी किमान एक पहिल्या 7 कार्डांत येण्याची शक्यता किती? उत्तर साधारण 40 टक्के. चौथी-पाचवीतल्या मुलांना हे सूत्राने सोडवता येत नाही, पण पिसून, वाटून, वहीत खुणा करत ती जवळपास पोचतात. फळ्यावर शिकवलेली शक्यता इतकी मनापासून कुणी तपासून पाहत नाही.

वयाचं भान हवंच. पोकेमॉनच्या खोक्यावर 6 वर्षांपुढे लिहिलेलं असतं, मॅजिकवर 13. दुसरीतल्या मुलाला मॅजिक देऊ नका. सुरुवातीला 60 कार्डांचा तयार, अस्सल डेक घ्या, शक्यतो दोन, म्हणजे भावंडांना किंवा आई-मुलाला एकत्र बसता येईल. सुटी पाकिटं हट्टापायी घ्यायची नाहीत. कार्डं शाळेत न्यायची नाहीत. अदलाबदल करायची असेल तर आधी घरी दाखवायचं, आणि मोठ्या मुलाने घाई केली तर ‘उद्या सांगतो’ म्हणून निघून यायचं.