खिडक्यांबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलंय

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शूटिंगसाठी बांधलेल्या विमानाच्या सेटवरची माझी पोस्ट पटली नाही तर हरकत नाही, पण तुम्ही लिहिलंय की सुतारांनी मापं न घेता खिडक्या ठोकल्यात, सीटसमोर धड एक येत नाही, पंखाच्या पुढे तर एक खिडकी चक्क विसरलेत, आणि त्यापेक्षा भंगारातलं विमान आणलं असतं तर स्वस्तात पडलं असतं. सुतारांबद्दलचं वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

आमचा सेट बोइंग ७३७ चा होता. त्याच्या बॉडीच्या बरगड्या २० इंचांवर असतात आणि खिडकी दोन बरगड्यांच्या मध्येच बसते, म्हणजे तिची जागा विमान बनतानाच ठरते. सीट मात्र जमिनीतल्या पट्ट्यांवर असतात, एकेक इंच पुढेमागे करता येतात, एअरलाइन तिच्या हिशोबाने रांगा लावते. समजा ३० इंचांवर लावल्या, तर एका रांगेला खिडकी बरोबर मिळते आणि तिच्या मागच्या रांगेला दोन खिडक्यांमधली भिंत. पुढच्या वेळी विंडो सीटवर बसलात की बघाच. आणि ती 'विसरलेली' खिडकी, तिथे डावीकडे एसीचे डक्ट विमानाच्या पोटातून भिंतीतून छताकडे जातात, त्यामुळे खऱ्या विमानातही तिथे कोरं पॅनलच असतं! आमचा हेड कारपेंटर त्या पॅनलचे फोटो स्वतः प्रवासात काढून घेऊन आला होता.

भंगारातल्या विमानाचा विचार आम्हीही केला होता. पण आतून जेमतेम साडेतीन मीटर रुंद धातूची नळी ती, त्यात दोन्हीकडे तीन-तीन सीट, मग कॅमेरा कुठे मागे घेणार, बूमवाला, म्हणजे लांब दांडीवर माइक धरणारा, कुठे उभा राहणार, आणि भिंत हलवायची तर कापावीच लागते. सेटचे पाच-पाच फुटांचे तुकडे होते, नटबोल्ट काढले की भिंत बाजूला, छत वर, लाइट आत, असं दिवसातून सात-आठ वेळा चालायचं. सीट मात्र खऱ्याच, त्या भंगारातूनच आणल्या, कारण नकली सीटवर माणूस वेगळाच बसतो, पाठ टेकवताना बिचकतो. खालच्या प्लायनेही छळलं, कोणी चाललं की ढबढब आवाज, साउंडवाल्यांनी काम थांबवलं, शेवटी रात्रभर बसून फोम आणि डबल कार्पेट घातलं. हादऱ्यांसाठी प्लॅटफॉर्मखाली ट्रकच्या टायरच्या ट्यूब आणि चार पोरं लोखंडी पाइप घेऊन, टेक संपेपर्यंत त्यांचे हात भरून यायचे.

पॅसेज रुंद वाटतो हे मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीसाठी तो चार इंच वाढवला, मी नको म्हणत होतो पण ऐन वेळी दुसरा उपाय सापडला नाही. लाँग शॉटमध्ये जेवणाची गाडी जाते आणि एकालाही कोपर आत घ्यावं लागत नाही, तिथे ते उघडं पडतं. तो शॉट आला की मला अजून त्रास होतो.